बैलाला झेपेल तेवढा नांगर

१८८५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा एक सोळा वर्षांचा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईला गेला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. शाळेच्या पुस्तकांत मन न रमणारा हा मुलगा चित्रे काढी आणि यंत्रे खोलून बघे. वडिलांना हा बेत पसंत नव्हता, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्याचे नाव दाखल झाले. दोनेक वर्षे गेल्यावर एक गोष्ट उघड झाली. मुलाचा हात उत्तम होता, रेषा उत्तम होती, पण काही रंग त्याला नीट ओळखता येत नव्हते. तो अंशतः रंगांध होता. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

हा मुलगा म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९. पुढे घरचे आणि जवळचे लोक त्यांना 'लकाकि' म्हणत. किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे विहिरीवरच्या पंपावर, इंजिनावर किंवा मोटारीवर वाचले नाही असा शेतकरी सापडणे कठीण. रब्बीच्या हंगामात मलकापूर तालुक्यात मोटारी जळतात, डीपी जळतात आणि विजेचा धक्का बसलेली माणसे सरकारी रुग्णालयात येतात. त्या मागची कारणे समजून घ्यायला या माणसाचे आयुष्य उपयोगी पडते, म्हणून आज त्यांच्याविषयी.

आधी डॉक्टर म्हणून रंगांधळेपणाबद्दल थोडे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातला लाल किंवा हिरव्या रंगाचा प्रकार कमकुवत असला की लाल, हिरवा, तपकिरी हे रंग एकमेकांत मिसळतात. काहींना लाल रंग काळपट दिसतो. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि आईकडून मुलाकडे येतो. रंगांध बाप तो आपल्या मुलग्यांना देत नाही. त्याच्या मुली मात्र वाहक होतात आणि नातवांत तो पुन्हा दिसू शकतो. म्हणून हा पुरुषांत जास्त आढळतो. जगभरात शंभर पुरुषांमागे आठ असा आकडा सांगतात, आपल्याकडच्या पाहण्यांत तो काहीसा कमी येतो. ठिपक्यांत आकडे लपवलेला जपानी डॉक्टर इशिहारा यांचा प्रसिद्ध तक्ता १९१७ चा. लक्ष्मणरावांच्या तरुणपणी तो नव्हताच. त्या काळी युरोपात रेल्वेच्या नोकरीसाठी रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावत. आपल्याला असा काही दोष आहे हे लक्ष्मणरावांना चित्रे रंगवायला बसल्यावर कळले. आजही बहुतेकांना ते असेच, नोकरीच्या तपासणीत किंवा योगायोगाने कळते.

त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रचित्रकलेचे सहायक शिक्षक झाले. वर्गाबाहेरचा वेळ कार्यशाळेत जाई. पुस्तकातले यंत्र आणि हाताखालचे यंत्र यांची सांगड घालण्याची सवय त्यांना तिथे लागली असावी. १८८८ मध्ये सायकल ही मोठी अपूर्वाईची गोष्ट होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, चालवायला शिकवायच्या, असा उद्योग भावांनी सुरू केला. 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पाटी इथली. बेळगावातल्या त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा संस्थेने त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. वय तिशीच्या आत.

बेळगावात त्यांनी पहिल्यांदा कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. हा १९०३ च्या सुमाराचा काळ. नांगर तयार झाला, पण घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा: लाकडी नांगर गावचा सुतार करतो, मोडला तर गावातच दुरुस्त होतो, त्याच्या बैलजोडीला तो ओढवतो. लोखंडी नांगर खोल जातो हे खरे, पण जेवढा खोल जाईल तेवढा जड ओढावा लागतो. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या, चिकट जमिनीत हरळी आणि कुंदा उपटायला मोठा नांगर घातला तर एका जोडीचे काम नाही, तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. ज्याच्या गोठ्यात एकच जोडी, त्याने तो नांगर घेऊन काय करायचे?

यंत्र कितीही चांगले असो, ते ओढणाऱ्याच्या ताकदीला आणि ओढायच्या ओझ्याला जुळले पाहिजे. लक्ष्मणरावांना हे कळले आणि त्यांनी नांगर शेतात नेऊन, शेतकऱ्याच्या हातात देऊन त्यात बदल केले. लहान जोडीचा वेगळा, जड जमिनीचा वेगळा. विक्री वाढली ती त्यानंतर.

मग संकट दुसऱ्या बाजूने आले. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याच्या जागेवर नवी वस्ती वसवायची होती. जागा सोडा असा हुकूम झाला. अशा वेळी औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. हे राजे स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. आजच्या आरोग्य सदरांत त्यांचे नाव यायला हवे तेवढे येत नाही. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग. १० मार्च १९१० रोजी थोड्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन लक्ष्मणराव तिथे पोचले. आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती ही. तिथे त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणदार नेमले, अस्पृश्यता पाळायची नाही असा गावाचा नियम ठेवला. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

मला थांबायचे आहे पंपापाशी. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागला. तोपर्यंत विहिरीचे पाणी मोटेने निघे. मोटेत पहिला हिसका सर्वांत जड असतो: पाण्याने भरलेली कातडी मोट तळातून उचलायची, तेही बैल थांबलेले असताना. पंपाचे उलटे आहे. त्याच्या पोटातले पंख्यासारखे चाक जितके जोरात फिरेल तितके पाणी ढकलते. ते हळू फिरत असताना त्याच्यावर जवळजवळ भारच नसतो. वेग निम्मा असेल तर भार पाव असतो. म्हणजे पंप हा सुरुवातीला हलका आणि पूर्ण वेगाला जड असा गडी आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे सोपे होईल.

पंपाला फिरवणारे कोणी तरी हवे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ साली इंजिनिअर होऊन आले आणि कारखान्याचा विस्तार त्यांच्या पिढीने केला. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक अशा दोन कंपन्या निघाल्या. बेंगळुरूचा कारखाना विजेच्या मोटारींचा. लक्ष्मणराव तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. सायकलच्या दुकानापासून विजेच्या मोटारीपर्यंतचा प्रवास त्यांनी एका आयुष्यात पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली. त्यांचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९५७ मध्ये, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर नावाचा एक छोटा भाग तयार झाला. आजच्या सॉफ्ट स्टार्टरच्या पोटात तोच असतो. लक्ष्मणरावांनी तो पाहिला नाही. पण नांगर आणि बैलजोडी जुळवताना त्यांना जो प्रश्न पडला होता, तोच प्रश्न हा स्टार्टर घेताना आपल्याला पडतो आणि बहुतेक जण तो न विचारताच पेटी घेऊन घरी येतात.

बघा, आपल्याकडची नेहमीची तीन फेजची मोटार थेट लाइनवर टाकली तर सुरू होताना ती नेहमीच्या सहा ते आठ पट करंट ओढते. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. सुरू होताना पहिले काही क्षण पंचेचाळीस. एकच मोटार असेल तर विशेष बिघडत नाही. आता गावची त्रेसष्ट केव्हीएची डीपी घ्या. तिची क्षमता सुमारे चौऱ्याऐंशी अँपिअर. तिच्यावर अशा दहा मोटारी चालत असतील तर पंचाहत्तर अँपिअर, म्हणजे डीपी तग धरते. पण रात्री लाइट येते तेव्हा काय होते? प्रत्येकाने पेटीत ऑटो स्विच बसवलेला असतो. शेतकरी घरी झोपलेला, आणि लाइट आली की दहाही मोटारी एकाच क्षणी उठतात. साडेचारशे अँपिअर! व्होल्टेज कोसळते, मोटारी नीट वेग घेत नाहीत, जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात, आणि सकाळी कळते की डीपी गेली. मग आठ-दहा दिवस गहू-हरभरा पाण्यावाचून. त्या दिवसांत लोक दुसऱ्या डीपीवरून वायर ओढतात, आकडे टाकतात, आणि त्यातले काही माझ्यासमोरच्या खाटेवर येतात.

सुरुवातीचा हा झटका कमी करण्याचा जुना उपाय म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर. आधी मोटारीच्या गुंडाळ्यांना कमी व्होल्टेज, अठ्ठावन्न टक्के, मिळेल अशी जोडणी आणि वेग आल्यावर पूर्ण. लाइनवरचा करंट एक तृतीयांशावर येतो, पण फिरवण्याचा जोरही एक तृतीयांशच होतो. शिवाय स्टारवरून डेल्टावर जाताना एक धक्का बसतो तो वेगळाच.

सॉफ्ट स्टार्टर हेच काम हळूहळू करतो. आपल्या विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा वर-खाली शून्याला शिवते. थायरिस्टर प्रत्येक लाटेचा आधी थोडाच तुकडा पुढे जाऊ देतो, मग मोठा, मग संपूर्ण. जणू कालव्याचे दार इंचाइंचाने उघडावे. मोटार पूर्ण वेगाला आली की आतला कॉन्टॅक्टर लागतो आणि वीज थेट जाते. बंद करतानाही तो व्होल्टेज हळूहळू उतरवू शकतो. लांब पाइपलाइनवर मोटार एकदम बंद झाली की पाणी उलटे येऊन वाल्व्हवर आपटते, पाइप फुटतात. तो त्रास यामुळे वाचतो.

इथपर्यंत सगळे छान वाटते. पण मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, आणि ग्राहकाला हे बहुधा कोणी सांगत नाही. व्होल्टेज सत्तर टक्के केले की जोर निम्मा उरतो. पन्नास टक्के केले की पाव. म्हणून सॉफ्ट स्टार्टर कोणत्या मोटारीला आणि कोणत्या ओझ्याला लावायचा हे आधी पाहावे लागते.

विहिरीवरचा साधा पंप हा त्याचा सर्वांत चांगला गिऱ्हाईक, कारण तो सुरुवातीला हलका असतो हे आपण पाहिले. पाच-दहा सेकंदांत वेग घेऊ दिला तरी चालते. बोअरमधल्या पाणबुडी मोटारीला मात्र एवढा वेळ देऊ नये. तिचा सगळा भार तळाच्या बेअरिंगवर असतो आणि त्या बेअरिंगमध्ये पाण्याचा पातळ थर पुरेसा वेग आल्यावरच तयार होतो. तोपर्यंत ते कोरडे घासते. म्हणून तिला सुरुवातच निम्म्याहून थोड्या जास्त व्होल्टेजने करून दोन-तीन सेकंदांत पूर्ण वेगाला आणायचे. मोटारीला जपायचे म्हणून कोणी हा वेळ पंधरा सेकंदांवर नेऊन ठेवला तर बेअरिंग लवकर जाते. अति काळजीनेही रोग बळावतो, आमच्याकडेही बळावतो.

मलकापूरच्या जिनिंगमध्ये चित्र वेगळे आहे. जिनचे रोलर कापूस न घालता सुरू करतात, तिथे अडचण नाही. रुई ओढणारे मोठे पंखे सुरुवातीला हलके असतात, पण त्यांचे चाक वजनदार. पूर्ण वेग यायला तीस सेकंदसुद्धा लागू शकतात. तेवढा वेळ तिप्पट-चौपट करंट सोसेल असा, म्हणजे मोटारीच्या आकड्यापेक्षा एक पायरी मोठा स्टार्टर लागतो. नेमका तेवढ्यास तेवढा घेतला तर मोटार राहते आणि स्टार्टर जातो. तेलाच्या घाणीत पेंड अडकलेली असेल, किंवा गिट्टीच्या क्रशरच्या जबड्यात दगड राहिले असतील, तर पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर हवा. तिथे व्होल्टेज कमी करून सुरू करणे म्हणजे उपाशी बैल चिखलात जुंपणे. मोटार गुरगुरते, फिरत नाही, तापते. अशा ठिकाणी जुने लोक स्लिप रिंग मोटार वापरत; फिरणाऱ्या भागात रोध घालून ती कमी करंटमध्ये जास्त जोर देते. ते अजूनही योग्य आहे.

घरच्या बोअरवरची किंवा छोट्या चक्कीची सिंगल फेज मोटार? तिच्यात सुरुवातीची वेगळी गुंडाळी आणि कपॅसिटर असतो. वेग आला की आतला खटका ती गुंडाळी सोडवतो. सॉफ्ट स्टार्टरने वेग यायला उशीर केला की ती गुंडाळी जास्त वेळ जोडलेली राहते आणि जळते. या मोटारीला तीन फेजचा सॉफ्ट स्टार्टर लावण्याचा विचारही करू नये. वीज बिल वाचवणारा म्हणून जो कपॅसिटर लावतात, तो सॉफ्ट स्टार्टर आणि मोटार यांच्यामध्ये कधीच नको. सौर पंप घेतला असेल तर त्याच्या नियंत्रकात मोटार हळू सुरू करण्याची सोय आधीच असते. वेगळी पेटी घेऊन पैसे घालवू नका.

आता व्होल्टेजचे. पेटीवर चारशे पंधरा लिहिलेले असते, पण डीपीपासून दूरच्या मळ्यात संध्याकाळी तीनशेवर काटा येतो. तीनशे म्हणजे बहात्तर टक्के, म्हणजे जोर आधीच जेमतेम निम्मा. त्यावर सॉफ्ट स्टार्टर आणखी व्होल्टेज कापणार. मला विचाराल तर पाच हॉर्सपॉवरच्या विहिरीवरच्या पंपाला तो प्रत्येकाने घ्यावा असे मी म्हणणार नाही. व्होल्टेज बरे असेल, पाइपलाइन लांब असेल, मोटार मोठी असेल, किंवा गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप असेल, तिथे त्याचा खर्च वसूल होतो. दहा ऑटो स्विचचा प्रश्न मात्र तो एकटा सोडवत नाही. दहाही मोटारी तिप्पट करंटवर आणल्या तरी सव्वादोनशे अँपिअर होतात, त्रेसष्टच्या डीपीला ते जास्तच. ऑटो स्विच काढणे, नाही तर प्रत्येकाने वेगवेगळ्या मिनिटाला मोटार उठेल असा टायमर लावणे, हे त्यावरचे औषध.

आणि एक धोका असा, की तो माहीत नसल्याने जीव जाऊ शकतो. जुन्या स्टार्टरमध्ये लाल बटण दाबले की कॉन्टॅक्ट उघडतात, मोटारीकडची वीज तुटते. सॉफ्ट स्टार्टरमध्ये मोटार थांबलेली असली तरी थायरिस्टरमधून थोडी वीज पुढे झिरपत असते आणि मोटारीच्या टोकाला व्होल्टेज असू शकते. मोटार बंद आहे म्हणून वायरला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच किंवा किटकॅट काढायचे, मग टेस्टरने पाहायचे, मगच हात. ओल्या मळ्यात, अनवाणी, रात्री बॅटरीच्या उजेडात तर नाहीच.

याच ठिकाणी लक्ष्मणरावांचा रंगांचा दोष मला आठवतो. आपल्याकडे तीन फेजच्या वायरी लाल, पिवळी, निळी, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. ज्याला लाल आणि हिरवा एकसारखे किंवा लाल काळपट दिसतो, त्याने फेजची वायर अर्थिंग समजून मोटारीच्या बॉडीला जोडली तर सगळी मोटार जिवंत होते. चित्रकाराचे चित्र बिघडले असते, इथे माणूस जातो. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणाऱ्या प्रत्येक मुलाने एकदा रंगांची तपासणी करून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. दोष निघाला म्हणून विजेचे सगळे क्षेत्र बंद होत नाही. यंत्राची रचना, आखणी, मोटारीची जोडजुळणी अशी कामे पुष्कळ आहेत. मात्र वायरींना अक्षरे किंवा आकड्यांच्या पट्ट्या लावून, टेस्टरवर भरवसा ठेवून काम करावे लागते.

धक्का बसलाच तर चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. हे फक्त घरच्या आणि मोटारीच्या लाइनपुरते; अकरा हजारांच्या तारेजवळ लाकूड घेऊनही जाऊ नका, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब राहा. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल, श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. विजेने हृदय बहुधा फाटत नाही, त्याचा ताल बिघडतो. वेळेत दाबले तर ते परत येऊ शकते. मातीत पुरणे, शेणाने माखणे यात वेळ जातो.

धक्का बसून उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात आणा. बोटावर मुगाएवढा काळा डाग असतो, पण आत स्नायू भाजलेले असू शकतात. लघवी चहासारखी गडद होत असेल तर तातडीने या, त्याने मूत्रपिंड बंद पडू शकते. आम्ही ईसीजी काढतो, गरज पडल्यास चोवीस तास हृदयावर नजर ठेवतो. अनेक जण मोटार पाहायची आहे म्हणून घाईने घरी निघतात. त्यांना मी सांगतो, ईसीजीचा कागद हातात येईपर्यंत बसा, मोटार कुठे जात नाही.